बिनवासाचं बटर

९ जानेवारी

मशीन एकदाचं आलं. टेम्पोवाल्याने ते गॅरेजच्या दारात उतरवलं आणि "काका, आत तुमचं तुम्ही घ्या," म्हणून ढुंगणाला पाय लावून पळाला. मी, मुलगा आणि समोरच्या इमारतीचा वॉचमन अशा तिघांनी ते ढकलत ढकलत भिंतीपाशी नेलं. मुलगा आजपासून त्याची गाडी रस्त्यावर लावणार, म्हणजे गॅरेज आता रीतसर माझं झालं. भाजायचा ड्रम, टरफलं उडवायचा पंखा, दगडी ग्राइंडर, वाफेचं जुनं पिंप आणि आता हे दाबायचं मशीन. कोकोच्या बिया एका बाजूने आत, चॉकलेट दुसऱ्या बाजूने बाहेर. मधलं सगळं मी.

बिस्किटांच्या कारखान्यात मी भट्टीवर होतो. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. आतला माल करपायला लागलाय की अजून कच्चा आहे, हे मी दार न उघडता नाकाने सांगायचो. कारखाना बंद पडला तेव्हा नाक तेवढं घरी घेऊन आलो. मग बाल्कनीत खुर्ची टाकून बसलो. किती दिवस बसलो ते हिला विचारा, मला त्यातलं फारसं आठवत नाही. शेवटी ही म्हणाली, "अहो, एक तर तुम्ही उठा, नाहीतर मी ती खुर्ची भंगारवाल्याला देते. तुमच्यासकट."

सुनेने कुठूनशी कोकोच्या बियांची पिशवी आणली. म्हणाली, "बाबा, भट्टीतलं तुम्हाला कळतं. ह्या जरा भाजून बघता?" त्या दिवशी मी दाढी केली. तेव्हापासून घरातली माणसं माझ्याकडे सारखी टक लावून बघत असतात. कौतुक असावं.

१७ जानेवारी

पहिलं चॉकलेट तयार. भाजणी कडक ठेवली. भट्टीवाल्याचा हात आहे, गुळमुळीत भाजलेलं मला चालत नाही. जेवणं झाल्यावर सगळ्यांना एक एक तुकडा दिला.

हिने चिमटीएवढं तोंडात घातलं आणि हिची दाढ दुखायला लागली. ही दाढ ऐन वेळी दुखते हे लग्नापासून बघतोय. मुलाला नेमका फोन आला, तो तुकडा हातात घेऊन बाहेर गेला आणि रिकाम्या हाताने परत आला, म्हणजे खाल्ला. सुनेने मात्र समोर बसून पूर्ण खाल्ला. वर भांडंभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "वास मात्र फारच छान आहे, बाबा."

वास! माझ्या नाकाची कमाई आहे ती. दुसरा तुकडा पुढे केला तर म्हणाली, "उद्यासाठी राहू दे." पुरवून खाणारी मुलगी आहे.

२ फेब्रुवारी

चॉकलेट सोडून सगळं खपतंय. कोकोच्या बीचं एवढं काही होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

बिया भाजल्या की टरफलं निघतात. ती नर्सरीवाला पोत्यांनी नेतो आणि कुंड्यांतल्या मातीवर पसरतो. म्हणे तण उगवत नाही, ओल टिकते. फक्त त्याचा कुत्रा त्याने बांधून ठेवलाय, कारण कोको कुत्र्याच्या पोटात गेला तर विष. मशीनमध्ये लगदा दाबला की एका अंगाने पिवळं कोको बटर गळतं आणि आत घट्ट पेंड उरते. पेंड कुटून चाळली की झाली कोको पावडर. ती आइस्क्रीमवाला नेतो. काल तंबाखूच्या कंपनीचा एक माणूस येऊन गेला. तंबाखूला उग्रपणा कमी करायला कोको चोळतात म्हणे! त्याला मी बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं. ज्या नाकाने मी आयुष्य काढलं, त्यात धूर घालायला माझा कोको द्यायचा?

आणि बटर. ते ओठांना लावायचं क्रीम करणारी एक बाई नेते. पण तिला ते बिनवासाचं लागतं, कारण ती त्यात गुलाबाचा वास घालणार. त्यासाठी वितळलेल्या बटरमधून पिंपात बराच वेळ वाफ सोडायची, म्हणजे वास वाफेबरोबर निघून जातो. उरतं ते मेणबत्तीसारखं. मला हे काम अजिबात आवडत नाही. आधी जीव ओतून भाजायचं आणि मग तोच जीव नळीवाटे बाहेर घालवायचा.

नर्सरीवाला आज म्हणाला, "तुमचे चिरंजीव पण येत असतात की आमच्याकडे. रविवारी सकाळी, पिशवी घेऊन. मागे खताच्या खड्ड्याकडे जातात." मुलाला झाडांचं वेड लागलेलं दिसतंय. घरात अजून एकही कुंडी आली नाही ते सोडा. आरंभशूर आहे, माझ्यावर गेलाय.

२० फेब्रुवारी

सून लहान मुलांच्या रुग्णालयात औषध विभागात आहे. दुकानात तयार मिळत नाहीत अशी औषधं ती तिथल्या खोलीत स्वतः बनवते. एवढ्याशा बाळांना एवढीशी मात्रा. हे काम मिळावं म्हणून ती किती खपली ते मी पाहिलंय. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हासुद्धा पर्समध्ये पुस्तक घेऊन आली होती.

आज जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्या विभागाला कोको बटर हवंय. तुमच्या नावाला मंजुरी मिळाली, तर द्याल?"

मी म्हटलं, "वा! मुलांना चॉकलेटमधून औषध देणार वाटतं!"

"नाही. सपोझिटरी करायला. तापाच्या. बाळं तोंडाने दिलेलं ओकून टाकतात ना, म्हणून…"

"म्हणून काय?"

ती मुलाकडे बघायला लागली. मुलगा ताटाकडे. शेवटी हीच म्हणाली, "अहो, खालून द्यायची गोळी." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. एवढी हसली की दुखणारी दाढसुद्धा दिसली.

मी घास खाली ठेवला. माझं बटर, तिथे!

सुनेने समजावून सांगितलं. म्हणे कोको बटर खोलीत घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेला बरोबर विरघळतं. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते ह्याच गुणामुळे आणि गोळी तिथे विरघळते तीही ह्याच गुणामुळे. "दोन्हीकडे तुमचंच बटर, बाबा."

ही म्हणाली, "एक टोक तर धरलंत. दुसरंही धरा."

मी पानावरून उठलो. पण हात धुताना विचार केला, पदरी पडलं आणि पवित्र झालं. हो म्हणून टाकलं. सून खूष झाली. लगेच म्हणाली, "फक्त एक लक्षात ठेवा. वास अजिबात नको. क्रीमवाल्या बाईंना देता त्याहूनही कडक वाफ. कारण मुलं…"

"कळलं, कळलं," मी म्हटलं. रुग्णालयात सगळं बिनवासाचं, बिनचवीचंच असतं. मी जेवलोय तिथलं.

१२ मार्च

पहिला डबा रुग्णालयात पोचवला. दिवसभर वाफ दिली. शेवटी नाक लावलं तर काही नाही. नुसतं पांढरट, थंड. आपण भाजलं होतं की नाही अशी शंका यावी. सुनेने तिथल्या टेबलावर झाकण उघडलं, हुंगलं, कागदावर सही केली. तिच्या विभागप्रमुख बाई बाजूलाच उभ्या होत्या. मी सांगितलं, "ही माझी सून." त्या म्हणाल्या, "हो, आमच्या विभागातला सगळ्यात काटेकोर हात आहे." मी मान डोलावली, जणू तिला ते मीच शिकवलंय.

३० मार्च

आज दुकानदाराने चॉकलेटची खोकी परत दिली. सगळी. त्याच्याकडे ठेवून पुष्कळ दिवस झाले होते. म्हणाला, "काका, खोकं उघडलं की दुकानभर वास सुटतो, लोक विचारतात हे काय आहे म्हणून. वास एक नंबर. पण…" मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

खोकी गॅरेजमध्ये रचली. संध्याकाळी जरा हवा खायला म्हणून खुर्ची बाल्कनीत नेली. हिने दोनदा येऊन विचारलं, "काय झालं?" काही झालं नाही. माणसाने हवासुद्धा खाऊ नये का?

३१ मार्च

रुग्णालयाच्या दुसऱ्या डब्याचं बटर पिंपात होतं. वाफ सुरू केली. आणि काय वास सुटला म्हणून सांगू! सगळं गॅरेज भरून गेलं. गल्लीतून जाणारे दोघे थांबून आत डोकावले. मनात आलं, हाच एक तर गुण आहे की ज्याला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. हिने नाही, सुनेने नाही, त्या दुकानदारानेही नाही. आणि तोच मी नळीवाटे घालवत बसलोय. तापाने फणफणलेल्या पोरांच्या नाकाशी वॉर्डात थोडा चांगला वास आला तर बिघडलं कुठे?

वाफ बंद केली. नावाला तेवढी दिली होती.

दुपारी डबा पोचवला. सुनेने झाकण उघडलं, हुंगलं. माझ्याकडे बघितलं. मी हसलो. ती झाकण लावून म्हणाली, "ठीक आहे, बाबा. ठेवते." कागदावर सही केली. विभागप्रमुख बाई आज नव्हत्या.

एका शब्दाने बोलली नाही. आवडला असणार. रात्री जेवलोही नीट.

१० एप्रिल

सून सांगत होती, "नर्स म्हणत होती, गोळीचा कागद सोडला की वॉर्डात छान वास येतो. मुलं माना वळवून बघतात."

मी टाळीसाठी हात पुढे केला. तिने टाळी दिली नाही, ताटात बघत होती. म्हणाली, "बाबा, पुढच्या डब्याला वाफ पूर्ण द्याल ना?"

म्हटलं, "बघतो."

"बघतो नको. द्याच."

दमलेली दिसत होती. बारा औषधं बारा बाळांची, दमणारच. मी हिला म्हटलं, मुलीला जरा तूप वाढत जा. ही काही बोलली नाही. ही बोलत नाही तेव्हा मला काळजी वाटायला हवी होती, पण मी नर्सने सांगितलेलंच मनात घोळवत बसलो होतो. पोरं माना वळवून बघतात!

२२ एप्रिल

सून आज घरी आली नाही. मुलगा उशिरा एकटाच आला. बूट न काढता तो स्वयंपाकघरात गेला, हिच्याशी हळू आवाजात बोलला आणि मग माझ्याकडे आला.

चार वर्षांची एक मुलगी बरी होऊन घरी गेली होती. राहिलेल्या गोळ्या आईने सांगितल्याप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. मुलीने खुर्ची ओढली, फ्रिज उघडला, चांदीचे कागद सोलले आणि सगळ्या गोळ्या खाल्ल्या. ताप उतरवणारं औषधच, पण एकदम एवढं पोटात गेलं तर यकृतावर जातं. तिला परत रुग्णालयात आणलंय, सलाइन लावलंय. रक्त तपासतायत, पुन्हा तपासणार आहेत. सून तिच्या खाटेपाशी बसून आहे.

मी म्हटलं, "आईबापांचं लक्ष नको का? औषध असं हाताशी ठेवतात?"

मुलगा म्हणाला, "वरच्या कप्प्यात ठेवलं होतं, बाबा."

ही दारात उभी होती. म्हणाली, "तिने आईला सांगितलं, चॉकलेट होतं म्हणून."

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. कुणीतरी माझ्या हातचं आवडीने खाल्लं, शेवटपर्यंत खाल्लं, असं मनात येऊन गेलं. मग मी काय विचार करतोय ते माझ्याच ध्यानात आलं. सून त्या दिवशी "कारण मुलं" एवढंच म्हणाली होती. पुढचं वाक्य मी तिला बोलू दिलं नव्हतं.

२३ एप्रिल

सकाळीच निघालो. मुलीला द्यायला काहीतरी न्यावं म्हणून चॉकलेटचं खोकं पिशवीत घातलं. दारात हिने पिशवी धरली, आत बघितलं आणि खोकं काढून घेतलं. "तुम्हाला काही वाटतं का हो?" एवढंच म्हणाली. मला खरंच कळलं नव्हतं. एखाद्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये एवढंच डोक्यात होतं.

मुलगी झोपली होती. हाताला नळी, पायात एकच मोजा. तिची आई बाकावर बसून दुसरा मोजा हातात चुरत होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. तिने विचारलं, "तुम्ही कुणाचे?" म्हटलं, "औषध विभागातल्या बाईंचा सासरा." ती म्हणाली, "रात्रभर इथेच होत्या त्या. चांगल्या आहेत हो." आणि रडायला लागली. मी तिथून निघालो. पळालो म्हणायला हवं.

विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेलो. सरळ सांगून टाकलं, "डब्याला वाफ पूर्ण दिली नव्हती. वास मी मुद्दाम ठेवला. सुनेचा काही दोष नाही."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आजोबा, माल आणून देणारा कसाही माल आणून देईल. म्हणून तर तपासायला माणूस ठेवलेलं असतं. तुमचा माल आम्ही बंद करू. पण सही तिची आहे. आणि ती म्हणते, तपासणीत चूक तिची झाली."

"पण वास माझा होता."

"हो," त्या म्हणाल्या. "नाक तिचं होतं."

कारखान्यात मीही माझ्या हाताखालच्यांना असंच बोललो असतो. त्यामुळे भांडायला तोंड नव्हतं. चौकशी होईल. तोवर तिला औषध बनवायच्या खोलीत पाऊल ठेवता येणार नाही. खिडकीवर बसून तयार गोळ्यांची पाकिटं द्यायची.

२५ एप्रिल

मुलीचं रक्त ठीक आलं. काल पुन्हा तपासलं, तेही ठीक. उद्या घरी सोडणार आहेत. ही देवापुढे बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी गॅरेजचं कुलूप काढलं नाही.

२७ एप्रिल

आज सून घरी होती. दुपारी गॅरेजमध्ये आली. मी कुलूप काढून आत नुसताच उभा होतो. तिने बियांच्या पोत्यावर बसकण मारली.

मी म्हटलं, "तुला त्या दिवशी कळलंच नसेल. सर्दी झाली होती का तुला?" वाटलं, चौकशीत सांगायला बरं पडेल.

"सर्दी नव्हती, बाबा. झाकण उघडलं तेव्हाच वास आला. पहिल्या श्वासाला."

"मग परत का नाही केलास?"

ती पोत्याची सुतळी ओढत राहिली. मग म्हणाली, "आदल्या संध्याकाळी मी रुग्णालयात असताना आईंचा फोन आला होता. दुकानदाराने सगळी चॉकलेटं परत दिली आणि तुम्ही खुर्ची बाल्कनीत नेऊन बसलात, म्हणून. आई रडत होत्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही डबा घेऊन आलात. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. आणि मी हुंगताना तुम्ही हसलात. मला नाही म्हणवलं नाही. म्हटलं, वास तर आहे, एवढ्याने काय होतंय. पुढच्या वेळी सांगू."

"माझी इतकी कीव करता तुम्ही सगळे?"

"कीव नाही हो. भीती. तुम्ही पुन्हा त्या खुर्चीत बसाल याची भीती."

मी ड्रमचं दार उघडलं आणि लावलं. काहीतरी करायला हवं म्हणून. तेवढ्यात बाकीचंही एकामागोमाग एक लक्षात यायला लागलं. दाढ. फोन. भांडंभर पाणी. मुलगा रविवारी पिशवी घेऊन खताच्या खड्ड्याकडे कशाला जातो, तेही न विचारता कळलं.

मी म्हटलं, "एक विचारतो. खरं सांगायचं. माझं चॉकलेट कसं आहे?"

ती उठून उभी राहिली. "बाबा, आज नको."

"आजच."

"कडू आहे. करपल्यासारखं. आणि दातांखाली कचकचतं." थांबली. मग एकदम बांध फुटल्यासारखी म्हणाली, "घशाखाली उतरत नाही, बाबा! पहिल्या दिवशी मी पाण्याबरोबर गोळीसारखं गिळलं होतं!"

आणि तिला हसू आलं. मलाही आलं. मग ती हसता हसता रडली आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. राग आला होता, तोही लिहून ठेवतो. माणूस कितीही म्हणाला की खरं सांग, तरी सांगितलं की झोंबतंच. पण त्याहून जास्त वाईट ह्याचं वाटलं की आमच्या घरातली ही एवढी काटेकोर मुलगी, बाळांसाठी औषध तोलून मापून देणारी, तिने आयुष्यात एकदाच माप सोडलं आणि ते माझं मन राखायला. खुर्चीतून उठवून माझ्यावर उपकार केले असं त्यांना वाटत होतं. आणि मला वाटत होतं, मी घर चालवायला निघालोय.

१५ मे

चौकशी संपली. लेखी ताकीद मिळाली. पुन्हा सगळं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, मग औषधांची खोली. सून म्हणाली, "देते की. त्यात काय." पण पाकिटं देण्याच्या खिडकीवर तिला बघून आलो. लोक पाकीट घेऊन जातात आणि ती मागच्या बंद दाराकडे बघत बसते. मी कोपऱ्यावरूनच परत फिरलो.

चॉकलेट बंद केलंय. आधी बटर शिकतो. माझा माल आता फक्त क्रीमवाली बाई घेते आणि पावडर आइस्क्रीमवाला. हिने सगळी खोकी उचलून नर्सरीवाल्याकडे पाठवली, ह्या वेळी माझ्यादेखत. मुलाला विचारलं, "रविवारी काय करणार आता?" तो आधी लाजला. मग म्हणाला, "झोपेन, बाबा. खूप दिवस राहिलंय."

१० जून

सून परीक्षा पास झाली. आजपासून पुन्हा औषधांच्या खोलीत. ती संध्याकाळी आली तेव्हा हाताला औषधांचा तो कडवट वास होता. हिने तिचे दोन्ही हात धरून हुंगले आणि म्हणाली, "आली गं बाई."

तिथलं कोको बटर आता दुसरीकडून येतं. मोठ्या कंपनीचं. बरोबरच आहे. मी पुन्हा मागायला गेलो नाही आणि तिनेही विषय काढला नाही.

१९ जून

आज रविवार. क्रीमवाली बाई डबा न्यायला आली. सून घरी होती, चहाचा कप घेऊन सहज गॅरेजमध्ये डोकावली. मी सकाळपासून वाफ दिली होती, बटर ओतून झाकण लावत होतो. तिने कप खाली ठेवला, झाकण काढलं, नाक लावलं. दोनदा लावलं.

"नाही. अजून आहे."

मी म्हटलं, "काही नाहीये! माझं नाक काय मेलंय?"

"आहे, बाबा. मागे राहिलाय, थोडासा."

क्रीमवाली बाई सांभाळून घेत म्हणाली, "अगं, मला चालेल एवढा. गुलाबात झाकला जाईल. काकांनी एवढी मेहनत केलीय."

सून तिला म्हणाली, "तुम्ही उद्या या." आणि माझ्याकडे वळून, "परत वाफ द्या. हा डबा जाणार नाही."

बाई निघून गेली. मी चिडलो. चांगलाच चिडलो. तिला म्हटलं, गिऱ्हाईक चालेल म्हणतंय तर तुझं मध्ये काय! ती चहा संपवत उभी राहिली, कप उचलला आणि घरात गेली. सॉरी म्हणाली नाही. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी बडबडत बटर पुन्हा पिंपात ओतलं. हिला हाक मारून सांगितलं, ही मुलगी फार शिष्ट झालीय. ही आतून म्हणाली, "मग बसता का बाल्कनीत?" म्हटलं, "वेळ कुणाला आहे!"

बर्नर पेटवला तेव्हा राग अजून उतरला नव्हता. भट्टीवर असताना माझा माल परत आला की मी असाच चिडायचो. शिव्या देत पुन्हा पेटवायचो. कारखाना बंद पडल्यापासून माझं काहीही कुणी परत केलं नव्हतं. सगळं कौतुकाने ठेवून घेत होते. आज मला कामावर असल्यासारखं वाटलं.

वाफ अजून चालू आहे. थोड्या वेळाने तिला बोलावतो, पुन्हा हुंगायला.